विश्लेषण : वीजबिलाचा निवाडा कोण करते? मालवणच्या होम-स्टेपासून मुंबईच्या आयोगापर्यंत

कोळंबीचे एक ताट घ्या. कोळंबी खाडीकाठच्या तळ्यात वाढली, तेव्हा पाण्यात हवा सोडणाऱ्या यंत्राला लागलेली वीज 'कृषी-इतर' वर्गातली. तिच्यावर टाकलेला बर्फ ज्या कारखान्यात तयार झाला, तिथली वीज औद्योगिक. आणि ज्या हॉटेलात तिचे कालवण झाले, तिथली वीज वाणिज्यिक. ताट एक, किनारा एक, कदाचित फीडरही एकच. पण युनिटचे दर तीन.

आता तळ्याच्या मालकाने शेजारीच माल ठेवायला शीतपेट्या घेतल्या, किंवा हॉटेलवाल्याने वरच्या मजल्यावरच्या आपल्या घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना दिल्या, तर कोणता दर लागू होईल? वर्गवारी चुकली असे महावितरणला वाटले आणि मागच्या काही वर्षांचा फरक बिलात आला, तर तो बरोबर की चूक हे कोण सांगेल? अमेरिकेत अशा कामासाठी 'अॅडमिनिस्ट्रेटिव्ह लॉ जज' नावाचे स्वतंत्र पद आहे. आपल्याकडे त्या नावाचे पद नाही. काम मात्र आहे आणि ते तीन पायऱ्यांवर वाटलेले आहे. सिंधुदुर्गातल्या ग्राहकाला त्या पायऱ्या माहीत नसतील, तर कायद्याने दिलेला हक्क कागदावरच राहतो.

विजेचे 'न्यायाधीश' म्हणजे नेमके कोण?

वीज कायदा २००३ हा १० जून २००३ पासून लागू झाला. त्यातल्या कलम ४२ मध्ये ग्राहकाच्या तक्रारीसाठी दोन दारे सांगितली आहेत. पहिले दार म्हणजे ग्राहक तक्रार निवारण मंच. तो स्थापन करण्याची जबाबदारी वीज वितरण कंपनीवरच आहे. दुसरे दार विद्युत लोकपालांचे. त्यांची नेमणूक राज्याचा नियामक आयोग करतो.

या दोहोंच्या वर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग आहे. तो ऑगस्ट १९९९ मध्ये, म्हणजे २००३ च्या कायद्याच्याही आधी स्थापन झाला. अध्यक्ष धरून कमाल तीन सदस्य, पाच वर्षांची मुदत, वयाची मर्यादा ६५ आणि त्याच पदावर पुन्हा नेमणूक नाही, अशी त्याची चौकट आहे. आयोग विजेचे दर ठरवतो, नियम करतो आणि वीजनिर्मिती कंपन्या व परवानाधारक यांच्यातले वादही सोडवतो. साक्षीदाराला बोलावणे, कागदपत्रे मागवणे, शपथेवर पुरावा घेणे, हे दिवाणी न्यायालयाचे अधिकार कलम ९४ ने त्याला दिले आहेत. त्याच्यासमोरची कार्यवाही ही न्यायिक कार्यवाही मानली जाते.

सिंधुदुर्गच्या नकाशावर हे सगळे ठेवले तर चित्र असे दिसते. महावितरणचे सिंधुदुर्ग मंडळ कार्यालय कुडाळला. कोकण परिमंडळ आणि त्याचा तक्रार निवारण मंच रत्नागिरीला, म्हणजे मालवणपासून दीडशे किलोमीटरच्या घरात. लोकपाल आणि आयोग मुंबईत. (राज्यात लोकपालांची कार्यालये दोन आहेत : मुंबई आणि नागपूर. कोकण मुंबईकडे येते.) कोविडनंतर सुनावण्या व्हिडीओ कॉन्फरन्सिंगवर होऊ लागल्याने हे अंतर थोडे कमी झाले. तरीही ज्याला अर्ज कुठे करायचा तेच ठाऊक नाही, त्याच्यासाठी रत्नागिरीही दूर आणि मुंबईही दूर.

थेट आयोगाकडेच का जाता येत नाही?

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता आणि गेला तोही महाराष्ट्रातूनच. ऑगस्ट २००७ मध्ये 'महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग विरुद्ध रिलायन्स एनर्जी' आणि महावितरण व लॉईड्स स्टील यांच्यातल्या प्रकरणात न्यायालयाने विभागणी स्पष्ट केली. एकेका ग्राहकाच्या बिलाचा वाद आयोगाने ऐकायचा नाही. त्यासाठी मंच आणि त्यानंतर लोकपाल आहेत. आयोगाने कंपनीच्या एकूण कारभारावर लक्ष ठेवायचे.

म्हणजे आयोग नियम लिहितो आणि मंच तो नियम एका माणसाच्या एका मीटरला लावून पाहतो. पहिल्या कामाची बातमी होते, कारण त्याने सगळ्यांचे बिल बदलते. दुसऱ्या कामाची सहसा होत नाही. ज्याचे बिल असते त्याला मात्र दुसरेच जास्त महत्त्वाचे.

आयोगाच्या न्यायिक अधिकाराची पहिली मोठी कसोटीही कोकणातच लागली. गुहागर तालुक्यातल्या दाभोळ वीज प्रकल्पावरून वाद पेटला, तेव्हा मे २००१ मध्ये तत्कालीन वीज मंडळ आयोगाकडे गेले. हा वाद ऐकण्याचा आयोगाला अधिकारच नाही, अशी दाभोळ पॉवर कंपनीची भूमिका होती. मार्च २००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अधिकारक्षेत्राचा मुद्दाही आयोगानेच तपासावा, असा कौल दिला. स्थापनेला जेमतेम अडीच वर्षे झालेल्या संस्थेला त्यामुळे वजन आले. रत्नागिरीचा मंच आज एखाद्या होम-स्टेचे बिल तपासतो, तेव्हा तोही याच व्यवस्थेचा एक भाग असतो.

मंचासमोर काय येते?

मंचात साधारणपणे तीन जण असतात. अध्यक्ष, तांत्रिक सदस्य आणि ग्राहकांचा प्रतिनिधी. निर्णय ६० दिवसांत व्हावा, अशी अपेक्षा आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज केला पाहिजे. त्यानंतर मंच तक्रार दाखलच करून घेत नाही. वकील लावण्याची सक्ती नाही. ग्राहक स्वतः बोलू शकतो किंवा प्रतिनिधी पाठवू शकतो.

हे काम करणारा माणूस तुमच्या वाडीत येऊन खांब बघत नाही. त्याच्यासमोर येतात ते कागद : ग्राहकाच्या खात्याचा उतारा, म्हणजे महावितरणच्या भाषेत 'सीपीएल', मीटर तपासणीचा अहवाल, मीटरमधून काढलेला डेटा, स्थळ पाहणीचा अहवाल आणि त्यावर कोणाची सही आहे ते, नोटीस पाठवली असेल तर पोचपावती. सीपीएल हा विशेष बोलका कागद. महिन्यामागून महिना रीडिंग, युनिट, मीटरची स्थिती सगळे एका ओळीत असते. सलग आठ महिने तेच युनिट दिसले तर सरासरी बिल दिले जात होते, हे कोणी न सांगताही कळते.

पुढचा भाग नाव ठरवण्याचा. बिल चुकले हे दोन्ही बाजूंना मान्य असले, तरी ते *कशामुळे* चुकले यावर सगळे अवलंबून असते. मीटरच सदोष निघाले, तर २००५ च्या वीज पुरवठा संहितेपासून चालत आलेल्या नियमानुसार बिलाची दुरुस्ती वाद उद्भवण्याआधीच्या कमाल तीन महिन्यांपुरती होते. मीटर पूर्ण बंद पडले असेल, तर आधीच्या १२ महिन्यांच्या सरासरीवर कमाल तीन महिन्यांचे बिल. पण मीटर ठीक आहे आणि संगणकात आकडा चुकीचा भरला गेला, तर तीन महिन्यांचा नियम गैरलागू. मग वाद वर्षांवर जातो.

बर्फ कारखान्याचे उदाहरण : दोन वर्षे की सगळी वर्षे?

मोठ्या भाराच्या जोडणीत सगळा विद्युतप्रवाह थेट मीटरमधून जात नाही. मध्ये करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे सीटी, बसवतात. तो प्रवाहाचा ठरावीक हिस्साच मीटरला दाखवतो. त्यामुळे मीटरवरच्या आकड्याला एका गुणकाने गुणून खरा वापर काढावा लागतो. समजा, बर्फ कारखान्याच्या जोडणीत हा गुणक १० हवा होता, पण संगणकात ५ भरला. मग वर्षानुवर्षे बिल निम्मेच येत राहते. एक दिवस तपासणी होते, चूक सापडते आणि सगळ्या वर्षांचा फरक एकदम मागितला जातो. तोपर्यंत कारखानदाराने बर्फ जुन्या खर्चाच्या हिशेबाने विकून टाकलेला असतो. ती रक्कम तो मच्छीमारांकडून आता परत मागू शकत नाही.

कलम ५६(२) सांगते की रक्कम प्रथम देय झाल्यापासून दोन वर्षांनंतर ती वसूल करता येणार नाही. मधल्या काळात ती थकबाकी म्हणून बिलात सतत दाखवलेली असेल, तरच करता येईल. पण 'प्रथम देय' म्हणजे केव्हा? वीज वापरली तेव्हा, की बिल हातात पडले तेव्हा?

मार्च २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या मोठ्या पीठाने महावितरणच्या प्रकरणात सांगितले की बिल दिल्यावर रक्कम देय होते. पण पहिल्या मागणीच्या तारखेपासून मागे दोन वर्षांपेक्षा जुन्या वापराचे पैसे कंपनीला मागता येणार नाहीत. फेब्रुवारी २०२० मध्ये राजस्थानातल्या अजमेर वितरण निगमच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वेगळी बाजू पुढे आणली. दोन वर्षांची मर्यादा वीज तोडण्याच्या अधिकाराला आहे; चुकून राहिलेली रक्कम कायद्याच्या इतर मार्गाने वसूल करण्यास बंदी नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये हरियाणातल्या प्रेम कॉटेक्स प्रकरणात तर गुणक चुकल्याचाच वाद होता. १० ऐवजी ५. राहून गेलेली आकारणी नंतर मागणे ही सेवेतली त्रुटी नाही, असे न्यायालय म्हणाले.

आता मंचाच्या अध्यक्षाच्या खुर्चीत बसून पाहा. एका बाजूला आपल्याच उच्च न्यायालयाचा ग्राहकाला धीर देणारा निकाल, दुसऱ्या बाजूला सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल. समोर एक छोटा कारखानदार, ज्याची चूक काहीच नाही. आणि समोर न दिसणारे बाकीचे ग्राहक, कारण कंपनीची बुडालेली रक्कम शेवटी सगळ्यांच्या दरात येऊ शकते. तारखा, पहिली मागणी केव्हा झाली, कोणत्या मार्गाने वसुली मागितली आहे, हे बारकाईने पाहिल्याशिवाय उत्तर निघत नाही.

होम-स्टेवाल्यांनी कोणता नियम लक्षात ठेवावा?

मालवण, तारकर्ली, देवबाग, आचरा या पट्ट्यात राहत्या घरातल्या दोन-तीन खोल्या पर्यटकांना देणारी घरे पुष्कळ. त्यांच्यासाठी आयोगाच्या दर आदेशांत वर्षानुवर्षे एक तरतूद आहे. घराच्या काही भागात व्यवसाय चालत असेल, महिन्याचा वापर ३०० युनिटपर्यंत असेल आणि आधीच्या आर्थिक वर्षातला एकूण वापर ३,६०० युनिटपर्यंत असेल, तर घरगुती दरच लागू होतो. पात्रता दर आर्थिक वर्षाच्या शेवटी तपासायची. मर्यादा ओलांडली तर पुढे दुसरा दर लावायचा, पण ग्राहकाला आधी कळवून.

'आधी कळवून' हे शब्द लहान वाटतात, पण वाद बहुधा तिथेच अडतो. उदाहरणादाखल, देवबागमधल्या एका घराचा वर्षाचा वापर ३,९०० युनिट झाला असे धरू. ते पुढे घरगुती दराला पात्र नाही, हे सरळ आहे. पण कंपनीने काही न कळवता तीन वर्षांनी भरारी पथक पाठवले आणि सगळ्या काळाचा फरक मागितला, तर निवाडा करणारा पहिला प्रश्न विचारेल : कळवल्याचा कागद कुठे आहे?

आयोगाने ११ फेब्रुवारी २००३ च्या एका आदेशात म्हटले होते की ग्राहकाची वर्गवारी अचानक बदलून त्या आधारे मागच्या काळाची वसुली करता येणार नाही, मग ती चूक लेखापरीक्षकाने दाखवलेली असली तरी. वर्गवारीच्या वादांत या आदेशाचा आधार आजही घेतला जातो.

उलट बाजूही आहे. खोल्यांत एसी बसवले, मजला वाढवला, पाच खोल्यांचा लॉज केला आणि बिल मात्र घरगुतीच भरत राहिले, तर प्रकरण वर्गवारीच्या चुकीचे राहत नाही.

कलम १२६ लागले की काय बदलते?

मंजूर कारणासाठी न वापरता वीज दुसऱ्याच कारणासाठी वापरली, तर कायदा त्याला 'अनधिकृत वापर' म्हणतो. कलम १२६ खाली कंपनीचा निर्धारण अधिकारी दुप्पट दराने आकारणी करू शकतो. वापर कधीपासून झाला हे ठरवता आले नाही, तर तपासणीच्या आधीचे १२ महिने धरले जातात. याविरुद्ध मंचाकडे जाता येत नाही. आधी त्याच अधिकाऱ्याकडे हरकत घ्यायची आणि अंतिम आदेशानंतर ३० दिवसांत कलम १२७ खाली अपील करायचे. महाराष्ट्रात ते विद्युत निरीक्षकांकडे होते आणि त्यासाठी आकारलेल्या रकमेपैकी निम्मी आधी भरावी लागते. वीजचोरीचे, म्हणजे कलम १३५ चे प्रकरण विशेष न्यायालयात जाते.

म्हणून भरारी पथकाच्या भेटीनंतर आलेल्या कागदावर रकमेच्या आधी कलम वाचा. नुसता दरातला फरक मागितला असेल तर मंच. १२६ असेल तर निरीक्षकांचा मार्ग. चुकीच्या दारावर थांबून ३० दिवस गेले, तर बाजू कितीही खरी असली तरी मुदत निघून जाते. मात्र केवळ कागदावर '१२६' लिहिले म्हणून विषय संपत नाही. प्रकरण खरोखर त्या कलमात बसते का, हे मंचाने प्रथमदर्शनी पाहायचे असते.

वादळात गेलेल्या विजेची भरपाई मिळते का?

१६ मे २०२१ रोजी 'तौक्ते' वादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळून गेले. मालवण, देवगड, वेंगुर्ले या तालुक्यांत माड, आंबे आणि विजेचे खांब एकत्रच कोसळले. अनेक वाड्या दिवसेंदिवस अंधारात होत्या. बाहेरच्या जिल्ह्यांतून पथके आणून खांब उभे करावे लागले आणि त्या कर्मचाऱ्यांनी पावसात केलेले काम किनाऱ्याने पाहिले आहे.

वीजपुरवठा किती वेळात पूर्ववत व्हावा याची मानके आयोगाने ठरवून दिली आहेत. ती पाळली नाहीत तर ग्राहकाला भरपाई, हे कलम ५७ चे तत्त्व. सध्याची विद्युत पुरवठा संहिता व कृती मानके २०२१ मधली आहेत. त्याआधी ती २००५ आणि २०१४ च्या नियमांत होती. चक्रीवादळ, पूर अशा आवाक्याबाहेरच्या संकटात कंपनीला यातून सूट मिळते. पण नियमांच्या रचनेत तिथेच एक अट आहे : अपयशाचे कारण निष्काळजीपणा किंवा प्रतिबंधात्मक देखभालीचा अभाव असेल, तर सूट नाही.

किनाऱ्यावर या अटीला फार अर्थ आहे. खाऱ्या वाऱ्यातले मीठ इन्सुलेटरवर बसते. हवा दमट झाली की त्या थरातून वीज झिरपते आणि ठिणगी पडून लाइन ट्रिप होते. लोखंडी खांब बुडाकडून गंजत जातात. त्यामुळे वादळात पडलेल्या दोन खांबांची कथा वेगळी असू शकते. एक वाऱ्याने पडला, दुसरा गंजाने पोखरलेला होता आणि वारा फक्त निमित्त झाला. निवाडा करणाऱ्याला हा फरक करावा लागतो. आणि वादळ गेल्यावर किती दिवसांपर्यंत वादळाचे नाव सांगता येते, हेही.

हा फरक सिद्ध कशाने होणार? 'गंजलेला खांब बदला' असा अर्ज वादळाच्या आधी कोणी दिला होता का आणि त्याची पोच आहे का, यावर. आपल्याकडे लाइट गेली की लाइनमनला फोन करायची पद्धत आहे. तो ओळखीचा असतो आणि येतोही. पण त्या फोनची कुठेही नोंद राहत नाही. १९१२ वर तक्रार करून क्रमांक घेतला, तर वीज कधी गेली याची तारीख-वेळ तयार होते. मंच त्या क्रमांकावर बोट ठेवू शकतो. लाइनमनच्या मोबाइलवर नाही.

हे न्यायाधीश कितपत स्वतंत्र आहेत?

मंचाच्या रचनेवर ग्राहक संघटनांचा आक्षेप जुना आहे. ज्या कंपनीविरुद्ध तक्रार, तिनेच मंच स्थापन करायचा. तांत्रिक सदस्यही तिच्याच सेवेतला. याच्या बाजूने एक युक्तिवाद होतो : सीटीचा गुणक किंवा फीडरचा नकाशा समजणारा माणूस खोलीत असावाच लागतो. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. म्हणूनच लोकपालांची पायरी महत्त्वाची, कारण त्यांची नेमणूक कंपनी नव्हे, आयोग करतो. मंचाचा निर्णय पटला नाही तर ६० दिवसांत तिथे जाता येते. वाद पैशांचा असेल तर नियमाप्रमाणे काही रक्कम अनामत भरावी लागू शकते.

आयोगाबाबत वेगळा प्रश्न होता. तिथे बसणारे बहुतेक प्रशासकीय सेवेतले, अभियंते किंवा वित्त क्षेत्रातले. मग कायद्याचा जाणकार कोण? गुजरातमधल्या एका प्रकरणात एप्रिल २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अध्यक्ष न्यायाधीशच असला पाहिजे असे बंधन नाही. पण आयोग न्यायनिवाडा करतो म्हणून किमान एक सदस्य कायद्याच्या क्षेत्रातला असलाच पाहिजे.

कॅलिफोर्नियाच्या लोकोपयोगी सेवा आयोगात कामाची वाटणी निराळी आहे. 'अॅडमिनिस्ट्रेटिव्ह लॉ जज' पुरावा ऐकतो आणि निर्णयाचा मसुदा लिहितो. तो मसुदा जाहीर होतो, त्यावर साधारण ३० दिवस सूचना येतात आणि मग पाच आयुक्त मतदान करतात. न्यायाधीशाचे म्हणणे आयुक्त बदलू शकतात. पण काय बदलले हे सगळ्यांना दिसते. आपल्याकडे ऐकणारा आणि ठरवणारा एकच असतो आणि अंतिम आदेशाआधी मसुदा पाहायला मिळत नाही. त्यामुळे आदेशात कारणे किती स्पष्ट लिहिली आहेत, यावरच सगळा भरवसा.

दर ठरतात तेव्हा मालवण कुठे असते?

दरवाढीच्या प्रस्तावावर लोकांचे म्हणणे ऐकणे आयोगाला बंधनकारक आहे. वीज मंडळाच्या दरांवरचा पहिला आदेश आयोगाने ५ मे २००० रोजी दिला, तेव्हापासून ही पद्धत चालत आली. महावितरणच्या दर प्रस्तावांवर जनसुनावण्या महसुली विभागांप्रमाणे होत आल्या आहेत आणि कोकण विभागाची नवी मुंबईत. सावंतवाडी-मालवणच्या माणसाला त्यासाठी रात्रीची गाडी पकडावी लागते. लेखी हरकत पाठवता येते, पण शेकडो पानांचा प्रस्ताव वाचून आकडेवारीने बोलणारे थोडेच. म्हणून कलम ९४ खाली आयोग ग्राहक प्रतिनिधी नेमू शकतो. पुण्याचा 'प्रयास' गट, मुंबई ग्राहक पंचायत यांनी ही भूमिका बजावली आहे.

ऐकून घेण्याचे मोल २०२५ मध्ये पुन्हा चर्चेत आले. आयोगाने २८ मार्च २०२५ रोजी पाच वर्षांसाठीचा दर आदेश दिला. महावितरणच्या विनंतीवरून काही दिवसांतच त्याला स्थगिती मिळाली आणि २५ जून रोजी फेरविचाराचा आदेश आला. फेरविचारात ग्राहकांना पुरेसे ऐकले का, हा वादाचा मुद्दा बनला आणि प्रकरण न्यायालयात गेले. दर किती हा एक प्रश्न. तो ठरवताना कोणाला बोलू दिले हा तितकाच मोठा दुसरा.

ग्राहकाने काय करावे?

- तक्रार फोनवर केली तरी क्रमांक घ्या. लेखी अर्ज दिला तर दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.
- बिल वादग्रस्त वाटले तर उपविभागाकडे सीपीएल मागा. सहा-बारा महिन्यांच्या ओळी एकत्र पाहिल्या की चूक बऱ्याचदा स्वतःच दिसते.
- स्थळ पाहणीच्या अहवालावर सही करण्यापूर्वी वाचा. मजकूर पटत नसेल तर तसे लिहून सही करा आणि प्रत घ्या.
- थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी १५ पूर्ण दिवसांची लेखी नोटीस हवी. मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यातली जी कमी ती 'हरकत नोंदवून' भरली, तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. ही तरतूद कलम ५६ मध्येच आहे.
- नवी जोडणी रखडली असेल तर कलम ४३ दाखवा. अर्ज पूर्ण असेल आणि लाइन वाढवावी लागत नसेल, तर एक महिन्याची मुदत कायद्यातच आहे. केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत २०२४ च्या दुरुस्तीने ग्रामीण भागासाठी ती १५ दिवसांवर आणली.
- मंचासाठी दोन वर्षे, लोकपालांसाठी ६० दिवस, कलम १२७ च्या अपिलासाठी ३० दिवस. हे तीन आकडे बिलांच्या फाइलवरच लिहून ठेवा.

लोकपालांनंतर पुढे काय?

आयोगाच्या आदेशाविरुद्ध ४५ दिवसांत दिल्लीच्या विद्युत अपील न्यायाधिकरणाकडे आणि तिथून कायद्याच्या महत्त्वाच्या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयात जाता येते. लोकपालांच्या आदेशाविरुद्ध मात्र असे अपील नाही. उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आणि सिंधुदुर्ग जिल्हा त्याच्या कार्यक्षेत्रात आहे. मंच किंवा लोकपालांचा आदेश कंपनीने पाळलाच नाही, तर आयोगाकडे जाता येते. कलम १४२ खाली प्रत्येक उल्लंघनाला एक लाख रुपयांपर्यंत आणि ते चालू राहिले तर रोज सहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

एवढ्या पायऱ्या असल्या, तरी वरच्या पायऱ्यांवर प्रकरणाचे तथ्य सहसा नव्याने तपासले जात नाही. खांब गंजलेला होता का, नोटीस पोचली का, रीडिंग कोणी घेतले, हे एकदाच ठरते आणि ते रत्नागिरीच्या मंचात ठरते. तिथे जो कागद पोचला नाही, तो पुढे दिल्लीतही पोचत नाही.